हाय-एफिशियन्सी फर्नेसची कंडेन्सेट ड्रेन लाइन: ट्रॅप, उतार आणि हवेचा हिशेब

वाफारा

घर गरम करणारी गॅसची फर्नेस बसवताना सगळ्यांत कमी लक्ष तिच्या ड्रेन लाइनला, म्हणजे धुरातून निथळलेलं पाणी (कंडेन्सेट) बाहेर नेणाऱ्या पाईपला मिळतं, आणि थंडीत फर्नेस बंद पडल्याच्या तक्रारींत ही लाइन वारंवार सापडते. पाणी काय, आपोआप खाली वाहतं, असं गृहीत धरून लाइन टाकली जाते. ९० टक्क्यांच्या वर कार्यक्षमता असलेल्या फर्नेसमध्ये तसं होत नाही. तिथलं पाणी इंड्यूसर पंखा (धूर ओढून बाहेर सोडणारा) हवा ओढत असलेल्या पोकळीतून बाहेर काढायचं असतं. म्हणून ही लाइन नळकामाइतकीच ज्वलनाच्या हवेच्या व्यवस्थेचाही भाग आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत.

आधी पाणी किती येतं ते बघू. १ किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाण्याची वाफ तयार होते. तासाला १,००,००० बीटीयू (उष्णतेचं एकक) गॅस जाळणारी फर्नेस पूर्ण ताकदीने तासभर चालली तर २ किलोच्या जरा आत गॅस जळतो, म्हणजे सव्वाचार लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. धूर ५० ते ५५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरला की दुसऱ्या हीट एक्स्चेंजरमध्ये (धुराची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या भागात) ती वाफ पाणी होऊ लागते. सगळी होत नाही, निम्मी ते दोन तृतीयांश धरा. तरी तासाला दोन-अडीच लिटर झालं. प्रोपेनवर तेवढ्याच उष्णतेला पाणी सुमारे पाचव्या हिश्शाने कमी.

हे पाणी आम्लधर्मी असतं, पीएच साधारण ३ ते ५. त्यामुळे तांबं, जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप, पितळी जोड यांतलं काहीही या लाइनमध्ये नको. पीव्हीसी, सीपीव्हीसी किंवा एबीएस या प्लास्टिकचा पाईप वापरा. पाईप पाऊण इंची. फर्नेसच्या ट्रॅपचं (पाणी धरून हवा अडवणाऱ्या वाकड्या नळीचं) तोंड अर्ध्या इंचाचं असलं तरी तिथे रिड्यूसर (लहान-मोठे पाईप जोडणारा तुकडा) लावून लगेच पाऊण इंचावर या.

लाइनचा क्रम असा: फर्नेसचा ट्रॅप, त्यानंतर लगेच युनियन (फिरवून सोडवता येणारा जोड), मग वर उघडं तोंड असलेला टी (तीन तोंडांचा जोड), मग उताराची लाइन, हवं असेल तर न्यूट्रलायझर (पाण्यातलं आम्ल मारणाऱ्या खड्यांचा डबा), आणि शेवटी फ्लोअर ड्रेनवर (जमिनीतल्या मोरीवर) मोकळं सुटलेलं टोक. युनियन विसरू नका. ती नसली तर ट्रॅप साफ करायला दर वेळी पाईप कापावा लागतो, मग ट्रॅप कोणी साफच करत नाही.

उतार फुटाला पाव इंच ठेवा. बऱ्याच नियमांत फुटाला अष्टमांश इंच हा किमान उतार दिलेला असतो, पण अष्टमांशावर पाईपला जरा झोळ पडला की उतार संपतो. आडव्या पाईपला दर ३ ते ४ फुटांवर आधार द्या.

कंपनीच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिका खरी. गॅस, धुराचा पाईप आणि वायरिंग परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या.

दुसरा_मजला

ट्रॅप फर्नेससोबतच येतो. तो नेमका कशासाठी असतो? आणि पुढे फ्लोअर ड्रेनला स्वतःचा ट्रॅप असतोच, मग हा नसला तर काय बिघडेल?

सूक्ष्मदाब

दोन गोष्टी बिघडतील, आणि त्यातली एक जीवाशी खेळणारी आहे.

पाणी ज्या कलेक्टर बॉक्समध्ये गोळा होतं तिथे इंड्यूसर हवा ओढत असतो. समजा ही ओढ २ इंच पाण्याच्या स्तंभाइतकी आहे. ट्रॅप नसेल तर ड्रेनच्या तोंडातून हवा आत शिरते. ती हवा येणाऱ्या पाण्याला अडवते, पाणी बॉक्समध्ये साठतं, इंड्यूसरमध्ये गुडगुड ऐकू येते आणि प्रेशर स्विच (ओढ कमी पडली की फर्नेस थांबवणारा) उघडून बर्नर बंद होतो. ट्रॅपमधलं पाणी ही ओढ स्वतःच्या वजनाने तोलून धरतं. म्हणून ट्रॅपची खोली त्या फर्नेसच्या ओढीनुसार ठरवलेली असते. हाताने पी-ट्रॅप जोडून काम चालवलं आणि तो उथळ निघाला, तर इंड्यूसर त्यातलं पाणी ओढून घेतो आणि ट्रॅप असून नसल्यासारखा होतो.

दुसरी गोष्ट इंड्यूसरच्या पलीकडच्या बाजूची. धुराच्या पाईपमधून परत येणारं पाणी इंड्यूसरच्या घरातून वेगळ्या नळीने ट्रॅपकडे येतं, आणि तिथे दाब बाहेरच्या दिशेने असतो. ट्रॅप कोरडा असेल तर धूर त्या वाटेने खोलीत येऊ शकतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. म्हणून फर्नेस पहिल्यांदा सुरू करण्याआधी ट्रॅप पाण्याने भरायचाच. आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, ट्रॅप कितीही चांगला बसवला असला तरी.

फ्लोअर ड्रेनचा ट्रॅप गटाराचा वास अडवायला असतो. त्याचा फर्नेसच्या दाबाशी संबंध नाही. म्हणूनच आपली लाइन त्याला घट्ट जोडायची नाही, ड्रेनच्या जाळीच्या वर मोकळी सोडायची. तुंबलेल्या गटाराचं पाणी उलटं फर्नेसपर्यंत येण्याचा रस्ता तिथेच तुटतो.

मोजपट्टी

उघड्या टीबद्दल सविस्तर लिहाल का? तो ट्रॅपच्या आधी लावला तर चालतो का, त्याची उंची किती ठेवायची, आणि त्यातून पाणी उडत नाही का?

वाफारा

ट्रॅपच्या आधी अजिबात नाही. तिथे उघडं तोंड ठेवणं म्हणजे ट्रॅपला वळसा घालून हवेला वाट करून देणं. टी ट्रॅपच्या नंतरच, आणि शक्य तितका जवळ.

त्याचं काम असं की पुढच्या लाइनमध्ये कुठे पाणी साचलं तरी मधल्या हवेला बाहेर पडायला जागा मिळावी. पुढे झोळ पडला की त्यात पाणी राहतं आणि तो न मागितलेला दुसरा ट्रॅप होतो. दोन ट्रॅपच्या मध्ये हवा कोंडली की थेंब थेंब येणाऱ्या पाण्यात ती हवा ढकलायचा जोर नसतो. पाईप कुठेही तुंबलेला नसतो, तरी पाणी पुढे सरकत नाही. पाईपमध्ये तार घालून पाहणाऱ्याला काहीच सापडत नाही, आणि तो प्रेशर स्विच बदलून जातो.

उंचीच्या बाबतीत मोह आवरा. ट्रॅपच्या तोंडापेक्षा एक-दोन इंच वर पुरे, नेमका आकडा पुस्तिकेत बघा. टी फूटभर वर नेला तर लाइन तुंबल्यावर पाणी टीमधून बाहेर न येता आधी फर्नेसमध्ये चढतं. आखूड टीतून ते जमिनीवर सांडतं आणि निदान दिसतं तरी. टीचं तोंड फर्नेसच्याच खोलीत उघडं असलं पाहिजे. त्याला बूच लावू नका, रिटर्न डक्टमध्ये (घरातली हवा फर्नेसकडे परत आणणाऱ्या वाहिनीत) तर मुळीच सोडू नका.

पाणसळ

जोडकामाबद्दल थोडं, कारण गळती तिथूनच सुरू होते.

पाईप कापल्यावर आतली बर (कापताना उरलेली खरबरीत कड) काढा. कानस नसेल तर चाकूने खरवडली तरी चालते. आत राहिलेल्या बरीला मळ अडकतो आणि पाऊण इंची पाईप पाव इंची होऊन बसतो. आधी सगळी लाइन कोरडी जुळवा, प्रत्येक जोडावर पाईप आणि फिटिंग दोन्हींवरून एकच रेघ ओढा, मग सुटी करून एकेक जोड चिकटवा. प्रायमर दोन्ही पृष्ठभागांवर. सिमेंट (प्लास्टिक चिकटवायचं) पाईपला भरपूर, फिटिंगच्या आत बेताने. आत जास्त लावलं तर पाईप आत सरकताना ते पुढे ढकललं जातं आणि त्याची कड पाण्याच्या वाटेत वाळते. पाव फेरा फिरवत रेघ जुळवा आणि ३० सेकंद दाबून धरा, नाहीतर पाईप सॉकेटमधून हळूच मागे सरकतो.

फर्नेसचा ट्रॅप कुठल्या प्लास्टिकचा आहे ते पाहिल्याशिवाय त्याला सिमेंट लावू नका. बऱ्याच ट्रॅपना सोबतच्या रबरी ग्रोमेट आणि क्लॅम्पनेच जोडायचं असतं. आट्याचा जोड असेल तर टेफ्लॉन टेप लावा, हाताने घट्ट करा आणि वर पान्याने जास्तीत जास्त पाव फेरा. प्लास्टिकचे आटे जास्त आवळले की चीर लगेच दिसत नाही, आठवड्यांनी दिसते.

वळणाच्या जागी एल्बोऐवजी टी लावून एका तोंडाला बूच बसवा. फिटिंग एकच लागतं, पण पुढे नळी घालून लाइन धुता येते. आणि पाईप नेताना फर्नेसचा पुढचा पत्रा, ब्लोअरचं (घरात हवा फेकणाऱ्या पंख्याचं) दार, फिल्टरची खाच यांच्या समोरून नेऊ नका. ही चूक फार होते, कारण पाईप टाकताना ती सगळी दारं बंदच असतात.

लवचीक पारदर्शक नळीने आडवी लाइन करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बसवताना ती सरळ दिसते, पण गरम पाण्याने मऊ पडून आधारांच्या मध्ये झोळ धरते.

दुसरा_मजला

फर्नेसच्या वर एसीची कॉइल (हवा गार करणाऱ्या नळ्या) आहे. तिची ड्रेनही याच लाइनला जोडता येईल ना? दोन्ही पाणीच आहे.

सूक्ष्मदाब

जोडता येते, पण कुठे जोडता यावर सगळं अवलंबून.

कॉइल ब्लोअरच्या पुढे असते, म्हणून तिच्या पाण्याच्या तबकात हवा बाहेर ढकलणारा दाब असतो. थंडीत कॉइलवर पाणीच तयार होत नाही, त्यामुळे तिचा ट्रॅप वाळून जातो. ब्लोअर मात्र हीटिंगसाठी चालूच असतो. मग त्या कोरड्या ट्रॅपमधून हवा थेट तुमच्या एकत्र लाइनमध्ये फुंकली जाते. फर्नेसचा ट्रॅप आणि उघडा टी यांच्या मध्ये कॉइलची शाखा जोडलेली असेल, तर ही हवा फर्नेसच्या पाण्याला मागे रेटते. लक्षण ओळखीचं आहे: बर्नर पेटतो, थोड्या वेळाने ब्लोअर सुरू होतो, आणि त्यानंतर फर्नेस बंद पडते. ब्लोअर सुरू झाल्यावरच बिघाड येतो हा मोठा सुगावा.

उपाय म्हणजे दोन्ही शाखांना आपापला ट्रॅप आणि त्यानंतर आपापला उघडा टी द्यायचा. दोघी आपापल्या टीच्या पुढे एकत्र येतील किंवा वेगवेगळ्या फ्लोअर ड्रेनवर मोकळ्या सुटतील. जागा असेल तर मी वेगळ्याच ठेवेन. न्यूट्रलायझर असेल तर कॉइलचं पाणी त्याच्या नंतरच्या पाईपमध्ये आणा. ते पाणी फर्नेसच्या पाण्यासारखं आम्लधर्मी नसतं, उगाच न्यूट्रलायझरमधून नेऊन खडे कशाला झिजवायचे?

मोजपट्टी

न्यूट्रलायझर खरंच लागतो का? त्यात खडे कसले, आणि बदलायचे कधी?

वाफारा

काही ठिकाणी नियमानेच लागतो. नियम नसला तरी पुढे ओतीव लोखंडाचा जुना गटार पाईप असेल, पाणी उघड्या काँक्रीटवर पडत असेल किंवा सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जात असेल, तर लावाच. काँक्रीटवर रोज आम्लधर्मी पाणी पडलं की आधी वाळू मोकळी होते, मग खड्डा पडतो.

आत चुनखडीचे किंवा संगमरवराचे खडे असतात, काहींत मॅग्नेशियम ऑक्साइड. पाणी खड्यांतून जाताना आम्ल खर्ची पडतं आणि खडे झिजत जातात. म्हणजे संपणं हेच त्यांचं काम आहे. एकदा बसवला आणि विसरला असं करता येत नाही. वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्याआधी उघडा. निम्म्याच्या आसपास झिजले असतील किंवा वर चिखलट थर बसला असेल तर खडे बदला. बाहेर पडणाऱ्या पाण्यात पीएचची पट्टी बुडवून पाहणं हा सगळ्यांत खात्रीचा उपाय. आत जाणारं पाणी ३-४ आणि बाहेर येणारं ६ च्या पुढे असेल तर काम चालू आहे. दोन्हीकडे तोच रंग आला तर खडे संपलेत, किंवा पाणी वरच्यावर निघून जातंय.

बसवायची जागा ट्रॅप आणि उघड्या टीच्या नंतर. तो ट्रॅपच्या तोंडापेक्षा खाली हवा, नाहीतर त्यात थांबलेलं पाणी मागे ट्रॅपमध्ये चढतं. पंप असेल तर न्यूट्रलायझर पंपाच्या आधी, म्हणजे पंपाचंही आयुष्य वाढतं.

तळघर

पंपाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. फ्लोअर ड्रेन २२ फुटांवर आहे आणि मध्ये दरवाजा. उताराने पाईप नेला तर साडेपाच इंच खाली उतरेल, पण दरवाजाच्या आड येईल. म्हणजे पंपच ना?

पाणसळ

हो. दरवाजा आड येत नसता तर मी साडेपाच इंचांचा उतार निवडला असता. उताराला वीज लागत नाही.

पंप घेताना त्याच्या वेष्टनावर कंडेन्सिंग फर्नेससाठी चालतो असं लिहिलेलं हवं. फक्त एसीच्या पाण्यासाठी बनवलेल्या पंपाचे भाग या आम्लात टिकत नाहीत. किती उंचीपर्यंत पाणी चढवायचं ते मोजा आणि त्या उंचीवर तो तासाला किती पाणी देतो तो आकडा बघा. वेष्टनावरचा मोठा आकडा जवळजवळ शून्य उंचीचा असतो.

पंप पाणसळ लावून सपाट ठेवा. वाकडा बसला की आतला फ्लोट (पाण्यावर तरंगून पंप सुरू करणारा) अडकतो. फर्नेसकडून येणारा पाईप पंपाच्या तोंडात सैल सोडा, भोवती हवा राहिली पाहिजे. पाईपचं टोक तिरपं कापा आणि आतल्या पाण्याच्या वरच ठेवा. टोक पाण्यात बुडालं की पुन्हा दुसरा ट्रॅप तयार होतो. पंपाची बाहेरची नळी आधी सरळ उभी वर न्या, मग तिथून ड्रेनकडे उताराने. वर-खाली लाटा करत नेली तर पंपाला प्रत्येक चढाव पुन्हा चढवावा लागतो. चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) नसेल तर पंप थांबला की नळीतलं पाणी परत टाकीत येतं आणि पंप पुन्हा सुरू होतो.

पंपाचा प्लग कायम चालू असणाऱ्या सॉकेटमध्ये. दिव्याच्या बटणावर चालणाऱ्या सॉकेटमध्ये कधीच नाही.

सूक्ष्मदाब

यात ओव्हरफ्लो स्विच जोडायचा राहिला. बहुतेक पंपांना दोन तारा मोकळ्या दिलेल्या असतात, आणि त्या गुंडाळून तशाच ठेवलेल्या दिसतात. हा स्विच २४ व्होल्टच्या सर्किटमध्ये, थर्मोस्टॅटच्या आर तारेत (त्याला वीज देणाऱ्या), सलग जोडायचा. टाकी भरून वर आली की स्विच उघडतो आणि फर्नेस थांबते. फक्त वाय तारेत (एसी चालवणाऱ्या) जोडला तर एसी थांबेल पण फर्नेस चालू राहील आणि पाणी सांडत राहील.

कडाक्याच्या थंडीत पंप बिघडून घर गार पडू नये म्हणून स्विच जोडायचा नाही, असं काही जण म्हणतात. चिंता खरी आहे, पण तिचं उत्तर स्विच काढणं हे नाही. घर बरेच दिवस बंद राहणार असेल तर कमी तापमानाची सूचना देणारा अलार्म वेगळा लावा.

जोडल्यावर तपासा. टाकीत पाणी ओता, पंपाचा प्लग काढा, पुन्हा पाणी ओता. फर्नेस बंद झाली पाहिजे. ही चाचणी दर वर्षी करा.

मोजपट्टी

फर्नेस माळ्यावर किंवा गार गॅरेजमध्ये असेल तर लाइन गोठू नये म्हणून काय करायचं?

वाफारा

पहिला प्रयत्न लाइन लवकरात लवकर उबदार भागात आणण्याचा. हे पाणी सलग धारेत नाही, ठिबकत येतं, म्हणून थंड पाईपमध्ये ते थराथराने गोठत जातं. इन्सुलेशन गोठणं लांबवतं, थांबवत नाही, कारण इतक्या कमी पाण्यात उष्णताच थोडी असते. प्लास्टिकच्या पाईपसाठी मान्य असलेली, स्वतः तापमान सांभाळणारी हीट केबल लावा आणि तिच्यावर इन्सुलेशन चढवा. साधी सतत तापणारी केबल पीव्हीसी मऊ करते. ट्रॅपही विसरू नका, लाइनला केबल आणि ट्रॅप उघडा असं बऱ्याचदा होतं.

टोक घराबाहेर सोडणं मी टाळेन. सोडावंच लागलं तर बाहेरचा तुकडा शक्य तितका आखूड, सव्वा ते दीड इंची आणि सरळ खाली.

आडव्या बसवलेल्या फर्नेसचा ट्रॅप तिच्या खाली लटकतो, म्हणून खाली ५-६ इंच मोकळी जागा आधीच ठेवा. फर्नेस बसल्यावर ही जागा काढता येत नाही. आणि माळ्यावर फर्नेसखाली तबक, तबकात पाण्याचा स्विच, दोन्ही हवेत.

तळघर

फर्नेस बसवायची दिशा बदलल्यावर ड्रेनच्या जागाही बदलतात का? पुस्तिकेतली चित्रं पाहून गोंधळ उडतो.

वाफारा

बदलतात. वर, खाली, डावी आडवी, उजवी आडवी, प्रत्येक दिशेला कलेक्टर बॉक्सचं सगळ्यांत खालचं तोंड वेगळं. तेच वापरायचं आणि उरलेल्या तोंडांना सोबत आलेली बुचं व क्लॅम्प लावायचे. एखादं तोंड उघडं राहिलं तर तिथून हवा शिरते, आणि कारण ड्रेनचं असूनही बिघाड प्रेशर स्विचचा दिसतो. प्रेशर स्विचची बारीक नळीही नव्या दिशेनुसार वरच्या तोंडावर हलवावी लागते. ती खाली राहिली तर तिच्यात पाणी साठतं. रबरी नळ्या मापात कापा. लांब ठेवल्या की झोळ पडतो, वळण घट्ट झालं की नळी चिमटते.

धुराचा पाईपही बघा. त्याला फर्नेसकडे फुटाला पाव इंच उतार हवा. त्यात झोळ असेल तर पाणी पाईपमध्येच अडून धुराची वाट अरुंद होते, आणि ड्रेन कितीही चांगली असली तरी फर्नेस बंद पडते.

दुसरा_मजला

काम झाल्यावर बरोबर झालंय हे कसं कळणार? आणि साफसफाईला ब्लीच चालतं का?

सूक्ष्मदाब

ब्लीच नको, कोणत्याही परिस्थितीत. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि या ट्रॅपमध्ये आम्लच भरलेलं असतं. शिवाय क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीलच्या हीट एक्स्चेंजरला बारीक छिद्रं पडतात. धुण्याच्या पाण्यातही ब्लीच असू शकतं, म्हणून ही लाइन वॉशिंग मशीनच्या उभ्या पाईपमध्ये सोडायची असेल तर मोकळं अंतर ठेवूनच, आणि फर्नेसची ज्वलनाची हवा धुण्याच्या खोलीतून घेऊ नये.

साफ करताना वीज बंद करा, ट्रॅप सोडवा, कोमट पाण्याने आतून धुवा. आत बुळबुळीत थर आणि काळपट कण निघतात. बाटलीच्या बारीक ब्रशने काढा, ट्रॅप पुन्हा पाण्याने भरा आणि मगच जोडा.

पाणसळ

चाचणीची पद्धत. ट्रॅपमध्ये पाव लिटरभर पाणी ओता, दुसऱ्या टोकाने बाहेर येईपर्यंत. मग कलेक्टर बॉक्सच्या तोंडातून सावकाश लिटरभर. ओतलेलं पाणी, ट्रॅपमध्ये राहतं तेवढं सोडून, टोकाशी आलं पाहिजे. नंतर फर्नेस १५ मिनिटं चालवा आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवा. डोळ्यांना न दिसणारा थेंब कागदावर दिसतो.

शेवटी टोकाखाली बादली ठेवून, फर्नेस सलग पूर्ण ताकदीने तासभर चालवून पाणी मोजा. ८०,००० बीटीयूच्या फर्नेसला दीड ते सव्वादोन लिटरच्या आसपास यावं. बरंच कमी आलं तर दोन शक्यता: पाणी आत कुठेतरी अडलंय, किंवा हवेचा प्रवाह कमी असल्याने धूर पुरेसा गार होत नाहीये. गुडगुड ऐकू येत असेल तर पहिली. नसेल तर आधी फिल्टर बघा.

तळघर

न्यूट्रलायझर, पंप आणि ओव्हरफ्लो स्विच या क्रमाने आराखडा काढलाय. उन्हाळ्यात फर्नेसचा ट्रॅप वाळेल, तर हंगाम सुरू होताना तो पुन्हा भरायचा का?

वाफारा

हो, पहिल्यांदा पेटवण्याच्या आधी, दर वर्षी. त्याच वेळी फ्लोअर ड्रेनमध्येही तांब्याभर पाणी ओता, त्याचाही ट्रॅप वाळलेला असतो. आणि आराखड्यात युनियन कुठे आहे ते एकदा दाखवा.